अमावस्येचे कवेलू

मालेगाव,
१४ मे १९७६

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

काल बुद्धजयंती झाली. आईनं खीर केली, पण तू पोहरादेवीला, म्हणून स्वतः चाखली नाही. तिचा गुडघा बरा आहे. विहिरीचं पाणी तळाला गेलं आहे. धर्मशाळेचं काम तुलाच मिळालं हे हेमसिंगभाऊंकडून कळलं, आनंद झाला. पत्र त्यांच्याच हाती देते आहे, तेच वाचून दाखवतील.

मंगळवारी विम्याचे साहेब अकोल्याहून आले होते. तुझ्या कामावरच्या जगदेवभाऊंच्या अपघाताची चौकशी करायला. चहा घेतला नाही.

हेमसिंगभाऊ, पहिलं पान इथं संपलं. दुसरं पान दादाच्या हाती द्या. मी सुटी सुटी, मोठी अक्षरं काढली आहेत. त्याला वाचता येतील.

दादा, सावकाश वाच. बसच्या पाट्या वाचतोस तसं.

साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, एकोणतीस एप्रिलला अमावस्या होती. अमावस्येला गवंडी थापीला हात लावत नाहीत. मग तुमचा माणूस किन्हीराजाच्या शाळेवर, परांचीवर कशाला चढला?"

मला रागच आला. म्हटलं, आम्ही अमावस्या पाळत नाही. आमच्या बाबांनी छप्पन सालीच सोडली. दीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच अमावस्येला भिंत उभी केली, ती कधी पडते ते बघायला लोक रस्त्यात उभे होते. ती अजून उभी आहे.

साहेब हसले. मग म्हणाले, "बरोबर. पण हा जगदेव तुमच्यातला आहे का?"

मी म्हटलं, नाही. आणि तेव्हाच मला जगदेवभाऊंची अमावस्या आठवली.

त्या दिवशी मी परीक्षेला वाशीमला होते. तूच सांगितलंस, शाळेच्या परांचीवरून पडला. मी मानलं. तू सांगितल्यावर मी कधी पडताळून पाहते का? पण जगदेवभाऊ अमावस्येला थापी आणि ओळंबा धुऊन, हळदकुंकू लावून बांधून ठेवतात. तूच त्यांना चिडवतोस, "जगदेवा, आज थापीची सुट्टी, का तुही?"

मी त्यांच्या घरी गेले. पंचफुलावहिनीनं बसायला पोतं टाकलं. खुंटीला अवजारांचं गाठोडं होतं. मी म्हटलं, जरा बघू? थापी लख्ख होती. सिमेंटचा एक कण नाही, हळद वाळून तिला चिकटलेली. वहिनी म्हणाली, "त्या दिसापासून सोडलंच नाई. कोन सोडनार?"

वाटेत स्वतःलाच बोल लावले. सख्ख्या भावाची अशी चौकशी करते, माझंच मन काळं. घरी येऊन अंगणात उभी राहिले आणि वर पाहिलं. चुलीच्या खोलीवर काळ्या कवेलूंमध्ये लाल, नवे कवेलू. पावसाळ्याआधी फुटके कवेलू बदलून घर फेरायचं म्हणत होतास. कधी फेरलंस? मागच्या बाजूला फुटके तुकडे पडलेत, मोडलेला वासाही तिथंच.

आईला विचारलं. ती भांडी घासत होती.

"वाऱ्यानं सरकले असतीन. कोनी फेरले असतीन. तुले काय करा लागते?"

एवढं बोलून तिनं तेच भांडं पुन्हा घासायला घेतलं. तुझ्याच कामावरच्या गोविंदाकाकांची सगळी टोळी त्या दिवशी शाळेवर होती, म्हणजे त्यांना खरं ठाऊक. ते तर मला पाहून रस्ता बदलतात.

शेवटी जगदेवभाऊंनाच विचारलं. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून होते. खुब्याचं हाड बसलं नाही, आता परांचीवर चढणं नाही.

"तुहा दादा इंद्रभान म्हने, थापी नको धरू, कवेलू त सारशीन? म्हून चढलो. वासा सडेल होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तू शिकेल हायेस. मले एक सांग, मानूस कुठून पडला हे हाडाले समजते काय? इमा नाई भेटला त हे पंचफुला काय खाईन?"

दादा, याचं उत्तर तुला येतं का?

शाळेचं काम मिळावं म्हणून तू विमा काढलास. तो त्या शाळेवरच्या मजुरांचा आहे, आपल्या छपराचा नाही. उद्या त्या परांचीवरून गोविंदाकाका खरोखर पडले, तर आपलं कोण खरं मानेल? तू हे स्वतःला वाचवायला केलंस की जगदेवभाऊंसाठी, हे मी रोज तोलून पाहते. कधी एक पारडं खाली जातं, कधी दुसरं. दोन्ही असेल. पण ते आपल्या घरावरून पडले. त्यांचं पोट विम्यावर नाही, आपल्यावर आहे. पक्क्या खोलीसाठी अंगणात रचलेल्या विटा विकू. मला नोकरी लागली की माझाही हात लागेल. मी कवेलूंखाली निजत आले, अजून निजेन.

साहेब सोमवारी आईचा जबाब घ्यायला येणार आहेत. आई अंगठा देईल, शेजारी माझी सही लागेल. खोट्याखाली ती होणार नाही. जगदेवभाऊंचं नुकसान माझ्या हातून होईल, हे मला माहीत आहे.

रविवारपर्यंत ये. तूच सांग साहेबांना, मी शेजारी बसून लिहून घेईन. आलास तर पाय धुवायला पाणी घेऊन दारात उभी असेन. नाही आलास तरी सोमवारी साहेब गेल्यावरही तुझ्यासाठी दार उघडंच असेल.

तुझ्या थापीच्या कमाईवर ही अक्षरं शिकलेली,
तुझी बहीण
लीला