रीतिभूतकाळ

कशेळी,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय भावेश,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. माझा लग्नातला कोट दिवाळीआधीपासून खिळ्याला लटकतो आहे, कारण घरातला एकुलता एक रुंद खांद्यांचा हँगर तुझ्या डायव्हिंगच्या सुटाने बळकावला आहे. अतिथी देव असतो, हे मी शाळेत शिकवतो. पण हा अतिथी काळाकुट्ट, बिनहाडाचा आणि न्हाणी अडवून बसणारा. दूध घालायला आलेल्या हिरामणने त्याला पाहून किटलीच टाकली. "मास्तर, ह्यो कोन टांगलाय?" मी म्हटलं, आमचा भावेश, आतला भावेश वगळून.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं, बरं का. गोड्या पाण्यात भिजवला, उलटा करून सावलीत वाळवला, घडी कधी घातली नाही, चेनला मेणबत्ती घासली. आपल्या लग्नातल्या शालूचे एवढे लाड या घरात झाले नाहीत, असं तुझी वहिनी म्हणते. "दादा, आता वापरायचा न्हाय, पन रबर कडक होऊ देऊ नको, आठवन हाय," म्हणालास. जुन्याची निगा राखणं हा तर आम्हा संस्कृतवाल्यांचा धंदाच.

तुझ्या लग्नाच्या बोलणीत निशाच्या वडिलांनी, केसरीनाथमामांनी, विचारलं होतं, पोरगा अजून समुद्रात उतरतो का? तू म्हणालास, "आधी बुड्या मारायचो." मारायचो! रीतिभूतकाळ, सवय होती, संपली. मी व्याकरणावर विसंबून माझाही शब्द दिला : मानकोलीच्या गोदामात ड्युटी आहे, मुलगी निर्धास्त द्या.

मध्यंतरी कुणा मित्राला मापासाठी हवा म्हणून सूट नेलास आणि रविवारी परत टांगून गेलास. त्याच दिवसांत तू गोदामाच्या मालाबरोबर सुरतेला गेला होतास, असं निशा सांगत होती. कौतुकाने सांगत होती रे. मी सवयीने सूट बादलीत बुडवला, बोट जिभेला लावलं. खारट. चेनीच्या दातांत मीठ, घोट्याशी वाळू. मित्राने माप समुद्रातच घेतलं असावं. तुझ्या तोंडी भूतकाळ, सुटाच्या अंगी वर्तमानकाळ! मला फसवलंस ते सोड. मास्तराला पोरं रोज फसवतात. पण निशाला तू माझ्या तोंडून फसवलंस, आणि वर पुरावाही माझ्याकडूनच धुऊन घेतलास.

तुझा मोबाइल निशा उचलते, म्हणून हे गोदामाच्या पत्त्यावर लिहितो आहे. राग आहेच, पण पत्र त्यासाठी नाही. सुटाची वेगळी टोपी बादलीत घालण्याआधी उलटी केली, तेव्हा डाव्या कानाच्या जागी रक्ताचा डाग दिसला. तो मी धुतलेला नाही. आपले आबा खाडीत रेतीसाठी बुड्या मारून आधी त्याच कानाने बहिरे झाले, तरी उतरत राहिले. पुढचं तुला मी काय सांगू? निशाला तू सांग. कानाच्या डॉक्टरकडे मी बरोबर येतो. हिरामणशी थट्टेत बोललो खरा, पण एक दिवस नुसता सूटच घरी येईल, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
पंढरीदादा