माग थांबला तेव्हा

३ फेब्रुवारी, सोमवार
नात मृणाली क्लासिकल शिकते. रविवारी तिचं पहिलं स्वतःचं गाणं, आणि त्याला तबला नाही, माग! कामतघरच्या कापड विणायच्या कारखान्यात मोबाईल धरून मागाची खडखड भरून आणली. भूपेश, तिचा बाप, म्हणतो, "आई, लोक कान धरून पळतील." त्याला भजनातसुद्धा झोप लागते, त्याचं काय घेऊन बसायचं.

६ फेब्रुवारी
तिचे गुरुजी ठाण्याहून आले. चहात साखर नको म्हणाले आणि लाडू दोन खाल्ले. म्हणाले, "लोक शेवटपर्यंत बसले तर पुढं शिकवीन. उठले तर दुसरा गुरू बघ." पोरगी हो म्हणाली, पण पांढरी पडली.
मी माझ्या कांडीवाल्या बायांना सांगून आले. तीस वर्षं मागासाठी कांड्यांवर दोरा भरला आम्ही. राहीबाई म्हणते, "तिकीट हाय का?" न्हाय म्हटलं. "मग येतो सगळ्या."

९ फेब्रुवारी, रविवार
हॉल भरला. पुढे गुरुजींची जाणकार मंडळी, मागे आम्ही. माग सुरू झाला तशी पुढे चुळबुळ. एक म्हणाला, "हे गाणं की कारखाना?" राहीबाईनं सुनावलं, "तुमच्या सदऱ्याचं कापड कुठं विणलं ते विचारा आधी." पण बसले होते सगळे. पोरगी काय गायली! मधे तिनं माग एकदम बंद केला, नुसता आवाज लावायला – तर आमच्या बाया उभ्या. पुढच्यांना वाटलं, मागचे कंटाळून निघाले. तेही उठले. "बंद करा", शिट्ट्या, खुर्च्या आडव्या. एकानं माइकची वायर उपटली. मृणाली तशीच गात राहिली, डोळे मिटून. मी खूश. आमच्या घरातल्या कुणी आजवर एवढी गर्दी उठवली नव्हती.

१० फेब्रुवारी
गुरुजींचा फोन. "तुझी स्वतःची माणसं बसली नाहीत." शिकवणी बंद. मृणालीनं तंबोऱ्याला खोळ घातली. भूपेश म्हणाला, "आई, तुझ्याच बायांनी घात केला."

११ फेब्रुवारी
वांगी केली. तिनं ताट सरकवलं.

१२ फेब्रुवारी
सकाळी एकटी ठाण्याला गेले. गुरुजींना सांगितलं – माग थांबला म्हणजे कांडी संपली. भरलेली कांडी घेऊन उठायचं, विचार करायचा नाही. पहिली मीच उठले.
ते माझ्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हॉलमध्ये ऐकत तुम्हीच होतात."
मृणालीला उद्या शिकवणीला बोलावलंय.