कातर लातूरला गेली

गुरुवार, एप्रिल ८३
लोह्याजवळ, शेतावर

आज भाऊजी लातूरहून आले होते. नवा जिल्हा झाल्यापासून तिथं सारखी हापिसं उघडायलीत, साहेब लोकांना टेलर मिळेना म्हणे. यांना म्हणाले, "दादा, चल परत. दुकान टाकू. या दुष्काळात मेंढरांपायी कशाला मरायलास?"

हे नुसते हसले. आतून कापडाची कातर आणली अन् भावाच्या हातात ठेवली. "ही तू घेऊन जा. इथं तिचं काय काम न्हाई."

ती कातर! पहिली मेंढरं आणली तेव्हा लोकर कापायची म्हणून यांनी तिला धार लावून आणली होती. अन् मेंढरं निघाली शेळीसारखी, अंगावर नुसते आखूड केस. गाव लई हसलं. मीसुद्धा.

मग आज रडू का आलं? लातूरला यांच्या शिवणाच्या दुकानामागंच आमची खोली होती. कातरीचा करकर आवाज चुलीपर्यंत यायचा, त्या तालावर मी भाकरी थापायची. खरं सांगायचं तर मला जायचं होतं भाऊजींबरोबर. यांना नसेल का वाटत तसं? विचारायचा धीर झाला न्हाई.

दिवेलागणीला मी मेंढरांकडं गेले. हे नव्या कोकराच्या गळ्यात दोरी बांधत होते. गाठ मारायच्या आधी त्यांनी दोन बोटं आत घालून पाहिली, गिऱ्हाइकाच्या कॉलरीत घालायचे अगदी तशी. अन् तितक्याच अदबीनं कोकराला विचारलं, "गळ्याला आवळत तर न्हाई ना, साहेब?"