खिडकी आठ वीत

४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग घालायला इथल्या खोलीत जागा नाही. पलंग, टेबल आणि मी, एवढ्यात खोली संपते. तेव्हा वाकून केलेला समज.

पोचले, जेवते, झोपते. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, प्राध्यापक मीच. मीही बसा बसा म्हणून घेतलं, एवढा मान पुन्हा कोण देणार. मग खऱ्या बाई आल्या. माझ्या निम्म्या वयाच्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या मुलीच्या कानावर सदा हेडफोन असतो, म्हणून मी तिला हेडफोनवालीच म्हणते. ती मला मावशी म्हणते.

विषय म्हणजे आकड्यांची चित्रं काढायची आणि चित्रं कॉम्प्युटरवर उभी करायची. तू म्हणत होतीस, गावच्या शाळेत सातवी झालेलीला हे झेपणार कसं. अगं, गालिच्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी चौकटीच्या कागदावर नक्षी काढली, एक चौकट म्हणजे एक गाठ. स्क्रीनवरही चौकटीच आहेत, फक्त बारीक आणि उजेडाच्या. बाईंनी हे समजावायला अर्धा तास घेतला, मी तोवर पेन्सिलीला टोक करत होते.

आता कामाचं. अनुभवी कामगारांसाठीच्या जागेवर घेतलंय मला, पण अट तुला माहीत आहे. पहिलं सत्र पास झाले तर राहीन, नाहीतर नाव कापतील. आणि पास होणं एका कामावर आहे. प्रत्येकाने एक खरी खोली कॉम्प्युटरवर उभी करायची, दुसऱ्या माणसाने कागदावर लिहून पाठवलेल्या मापांवरून. फोटो नाही, फोन नाही, आपल्या आठवणीतलं काही घालायचं नाही. मापं जुळली नाहीत तर का जुळली नाहीत ते शोधून लिहायचं. मुदत तीस सप्टेंबर.

मी आपली पुढची खोली घेतली आहे. ह्यांच्या मागे अकरा वर्षं आपण दोघी तिथेच तर भांडलो. तर मापं पाठव. घरातली टेप चुकून माझ्या ट्रंकेत आली आहे, तेव्हा विती घाल. तुझी वीत अठरा सेंटिमीटर, मागेच टेपने मोजलेली.

लोभ आहेच, मापं पाठवलीस तर आणखी वाढेल.
तुझी,
धाकटी

१३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, अभ्यास करशील तर उत्तम.

पत्र पोचलं. लोकांच्या पोरांना उठवून बसवण्याचे प्रकार बंद कर. पेन्सिलीला टोक वर्गाबाहेर करावं.

मापं अशी. कपाटाकडची लांब भिंत तीस वीत. तिच्यासमोरची, टेबलाकडची, चोवीस. दाराकडची आखूड भिंत वीस. तिच्यासमोर खिडकीची भिंत. तिथे खिडकीच्या डावीकडे पाच, खिडकीचा कट्टा आठ, उजवीकडे सहा. दाराची उंची नऊ. सगळं दोन दुपारींत मोजलं.

इकडे बाकी विशेष नाही. मांजर बरं आहे. बेकरीवाले दुपारी पाव घेऊन येतात, तुझी चौकशी करतात. दुकानात जायला मला गुडघ्यामुळे होत नाही, म्हणून येतात.

लोकरीचा स्वेटर ट्रंकेच्या तळाशी आहे. घालत जा.
तुझी,
ताई

२२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज नमस्कार थोडा तिरका आहे, कारण खोलीच तिरकी आहे.

तुझी मापं घातली आणि भिंती उभ्या केल्या. पहिल्यांदा सगळं काळं. मी घाबरले, वाटलं मशीन गेलं. बाई म्हणाल्या, काकू, तुम्ही दिवाच लावलेला नाही. इथे उजेडसुद्धा सांगून आणावा लागतो. दिवा लावला आणि लावला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. समोरासमोरच्या भिंती, एक तीस आणि एक चोवीस. त्यामुळे दाराची भिंत अशी कलली की आपलं घर पाय घसरून पडतंय. हेडफोनवालीने कानावरचं काढून विचारलं, मावशी, तुमच्या घराला चक्कर येते का.

मग माझ्या उंचीची एक बाहुली केली, अंबाड्यासकट, आणि दारातून चालवली. नऊ वीत म्हणजे एकशे बासष्ट. डोकं गेलं, अंबाडा अडकला. मागची चार बाकं हसून आडवी झाली. मीही हसले, पण मग मोजलं, मुदतीला पाच आठवडे उरलेत आणि माझ्याकडे एक घसरलेलं घर आहे.

आणि खिडकीची भिंत. पाच, आठ, सहा म्हणजे एकोणीस. समोर वीस. एक वीत गेली कुठे. मांजराने नेली काय.

ताई, रागावू नकोस, पण एकदा पुन्हा मोज. वय झालं की हात सैलावतो म्हणे.

लोभ या ओळीनंतर जेवढा उरेल तेवढा ठेवावा.
तुझी,
धाकटी

३० ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आज मोजूनमापून एकच.

पोस्टात तेहतीस वर्षं मी पाकिटं तोलली. एका ग्रॅमची चूक कोणी काढली नाही. साहेब काट्यावर विश्वास ठेवण्याआधी माझ्याकडे बघायचे. आणि तू मला सांगतेस, हात सैलावला.

पुन्हा मोजली. तीस, चोवीस, वीस. पाच, आठ, सहा. दार नऊ. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. तुझ्या मशीनला सांग, चूक त्याची आहे.

स्वेटर घातलास की नाही ते तू लिहिलं नाहीस.
ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज खरोखर साष्टांग घातला, पलंग बाहेर काढून.

तुझं मोजणं चोख आहे. मशीनचंही चोख आहे. चूक कोणाचीच नाही, आणि हे कळल्यापासून मी दोन दिवस एकटीच हसते आहे. हेडफोनवालीला वाटलं, मावशीला अभ्यास चढला.

असं झालं. बाईंनी शिकवलं आहे की आकडा जुळला नाही तर त्याला खोडायचं नाही, त्याला वेगळा रंग द्यायचा आणि बघत बसायचं. मी जुळणारी मापं निळी केली, न जुळणारी नारिंगी. नारिंगी कुठे कुठे आलं बघ. टेबलाकडची भिंत. आणि दाराची उंची, जिथे तुझा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही, आणि गुडघ्यामुळे तू स्टुलावर चढत नाहीस. मग तीसला चोवीसने भागलं. तुझ्या पाच विती म्हणजे त्या हाताच्या चार. म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरची वीत. दाराला ती लावली, दार दोनशे दोन झालं, माझा अंबाडा डौलात बाहेर आला. घर सरळ उभं राहिलं, ताई.

आता साडेबावीसची वीत कोणाची. आपल्या मांजराचा पंजा एवढा नाही. एवढा हात पीठ मळणाऱ्याचा असतो. आणि ज्याची भट्टी दुपारी थंड होते, त्यालाच दोन दोन दुपारी मोकळ्या असतात. पाव द्यायला एवढा वेळ लावतात का गं कोणी.

हे एवढ्यावर थांबले असते. पण खिडकी राहिलीच होती. आठही विती तुझ्या धरल्या तर भिंत एक वीत आखूड. आठही त्यांच्या धरल्या तर एक वीत जास्त. मी कागदावर सगळे प्रकार मांडले. एकच जुळतो. चार तुझ्या, चार त्यांच्या. खिडकीचा कट्टा तुम्ही दोघांनी मिळून मोजलात. तुझा हात, शेजारी त्यांचा, मग तुझा, मग त्यांचा. आणि मी सांगितलं पुन्हा मोज, तर पुन्हा तस्साच मोजलात.

ताई, मी छळणार आहे, त्याला इलाज नाही. पण एक गोष्ट छळून झाल्यावरची. मापं का जुळली नाहीत ते अहवालात लिहावं लागतं, आणि अहवाल बाई वाचतात, बाहेरचे परीक्षकही. दोन हात होते हे लिहिलं तर मी पास. नाही लिहिलं तर घसरलेलं घर घेऊन घरी. तुला विचारल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही.

लोभ असावा, त्यातला थोडा माझ्याही वाट्याला ठेवावा.
तुझी,
धाकटी

१५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दार लावून घेतलं. दुपारी बेकरीवाले आले तर पाव खिडकीतून घेतला. दुसऱ्या दिवशीही खिडकीतून घेतला.

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. लग्न केलं नाही, कोणाला जाब दिला नाही. आता चार परक्या माणसांनी पडद्यावर बघायचं की ही बाई कट्ट्यावर कोणाच्या शेजारी बसते. असं काही नाही हेही मी लिहिणार नाही, कारण खोटं मी लिहीत नाही.

तू लिही की मापणारीची चूक झाली. वयामुळे हात सैलावला असं लिही. माझी हरकत नाही. तुझं नाव कापलं जाऊ नये.
ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं नाही. जिची एका ग्रॅमची चूक कोणी काढली नाही तिने माझ्यासाठी चूक पदरात घ्यायला निघावं. मी तसं लिहिणार नाही. एक तर तू मला नंतर जन्मभर ऐकवशील. दुसरं, बाई मूर्ख नाहीत. चुका अशा नेमाने पाचाला चार पडत नाहीत, हे त्यांना एका नजरेत कळेल.

सोबत खोलीचं चित्र छापून पाठवते आहे. निळं तू, नारिंगी दुसरा हात. नाव कुठेच नाही, नुसता हात. खिडकीच्या कट्ट्यावर पट्टे दिसतील, एक निळा एक नारिंगी. मी नक्षी काढणारी बाई आहे ताई, हजार गालिचे काढले असतील, पण एवढी साधी आणि चांगली नक्षी माझ्या हातून उतरली नव्हती. यात लपवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. तू बघ.

देऊ नको म्हणालीस तर नाही देणार. ट्रंक भरीन, टेप परत आणीन. दे म्हणालीस तर एक पुरावा लागेल, दुसऱ्या हाताचं खरं माप. नाहीतर परीक्षक म्हणतील, काकूंनी हात आपल्या सोयीने बेतला.

आणि त्यांना दारातून आत घे गं. खिडकीतून पाव घेणं म्हणजे तुरुंगासारखं झालं.

लोभ, तू म्हणशील तेवढा.
तुझी,
धाकटी

२५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद, मोजले नाहीत.

चित्र आलं. मी ते टेबलावर पालथं ठेवलं होतं. मांजराने पाडलं आणि ते सुलटं पडलं, त्यात माझा हात नाही. बेकरीवाले दारात होते. मी त्यांना आत घेतलं होतं, तू सांगितलंस म्हणून नव्हे, ऊन फार होतं.

त्यांनी चित्र उचललं आणि विचारलं की हे रंग कसले. मी सांगितलं. ते म्हणाले की यात ते घरात थोडेच दिसतात, त्यांना वाटत होतं यापेक्षा जास्त आहेत. मी म्हटलं, मोजलं तेवढंच दिसतं. ते म्हणाले, मग उरलेली खोलीही मोजायला हवी. मी चहा ठेवला.

चित्र दे. कोणाचा हात असं कोणी विचारलं तर नाव सांग, अडखळू नकोस.

सोबत कागद आहे. त्यांचा उजवा हात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पेन्सिल मी फिरवली. करंगळीपाशी रेघ थोडी हलली आहे. पुन्हा काढता आली असती, काढली नाही.

पत्र जलद टपालाने टाकते आहे. तिकीट बरोबर लावलं आहे, पाकीट मी स्वतः तोललं.
तुझी,
ताई

३ ऑक्टोबर

ती. ताईस आणि ती. बेकरीवाल्यांस,
शि. सा. न. वि. वि. दोघांना मिळून एकच घातला, तुम्ही वाटून घ्या.

कागद मुदतीच्या आदल्या दिवशी पोचला. टेप लावली. साडेबावीस. हलली रेघ धरून साडेबावीस आणि थोडं, पण ते थोडं मी अहवालात घेतलं नाही, ते घरचं आहे.

परवा परीक्षा झाली. पडद्यावर आपली खोली भिंतभर मोठी. मी ती गोल फिरवली, दिवा लावला, बाहुली दारातून बाहेर काढली. बाहेरचे परीक्षक म्हणजे तोंड आवळून बसलेला माणूस, सकाळपासून तिघांना पाडून आलेला. त्यांनी काठी खिडकीवर टेकवून विचारलं की इथेच हे पट्टे कशाला, शोभेसाठी का. मी म्हटलं, नाही साहेब, तिथे दोन माणसं बसून मोजत होती आणि त्यांना घाई नव्हती. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं की ती माणसं अजून बसतात का तिथे. मी म्हटलं, गुडघ्याचं दुखणं आहे, दुसरीकडे कुठे जाणार. हेडफोनवाली टाळ्या वाजवायला लागली आणि मग सगळाच वर्ग.

पास झाले, ताई. वर्गात दुसरी. पहिला आला त्याने आजोबांचा कोंबड्यांचा खुराडा केला होता, आणि खरं सांगते, खुराडा बघण्यासारखा होता.

तर पुढचं सत्र पक्कं. मधे आठ दिवस सुट्टी आहे. शनिवारी दुपारी तीनला घरी पोचते, मुद्दाम तीनला. तोवर भट्टी थंड झालेली असते हे मला पाठ आहे. मला बघून कोणाला मागच्या दाराने बाहेर काढायचा विचार करू नका. मागच्या दाराचं माप तुम्ही मला पाठवलेलंच नाही, माझ्या खोलीत ते दार नाही.

लोभ आहेच, आता तिघांत असावा.
तुमची,
धाकटी

ता. क. स्वेटर घातला आहे.