सीलवर तुमची खूण होती

उस्ताद, आज एक माणूस त्याची जुनी पिकअप घेऊन आला. नगरला कुणीतरी तिला वायर जोडून, संगणकावर आकडे बदलून तिचा जोर वाढवून दिला म्हणे. आता चढाला काळा धूर ओकते. मी त्याला नको तेवढं बोललो. तो मुकाट्यानं गाडी वळवून निघून गेला. डोकं माझं अजून तसंच तापट आहे. मग दिवसभर हाताला काम लागेना, तुम्हीच डोळ्यांपुढं, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या गॅरेजात शिकायला आलो तेव्हा मी बीडचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेलं. का सोडलं, असं तुम्ही कधी विचारलं नाही. वर्गातला एक जण अप्पांच्या मुलीबद्दल काहीबाही बोलला, मी त्याच्या कानाखाली ओढली, प्राचार्य म्हणाले माफी माग, आणि मी वही बाकावर टाकून पाटोद्याची एसटी धरली. तिनं मला काही करायला सांगितलं नव्हतं. तिला ते आवडलं असंही नाही. पण मी तिच्यासाठी शिक्षण सोडलं, असं मनाशी धरून मी छाती पुढं काढून हिंडत होतो.

अप्पा म्हणजे तिचे वडील, पेठेतले किराणावाले. त्यांची ती जुनी डिझेल पिकअप बीडहून माल भरून मांजरसुंब्याचा घाट चढायची तेव्हा चालत गेलेला माणूस पुढं जाईल अशी गत. त्याच वर्षांत रस्त्यावर नव्या नव्या गाड्या यायला लागलेल्या. दुसऱ्या दुकानदाराचा नवा टेंपो घाटात हॉर्न वाजवत पुढं काढायचा आणि अप्पा तो अपमान घेऊन थेट तुमच्याकडं यायचे. पंप वाढवून द्या, इंजिनाला डिझेल जास्त जाऊ दे, म्हणायचे. तुम्ही नोझल साफ केले, टायमिंग बघितलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावून मूठ कानाला धरली आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. मग म्हणालात, "अप्पा, इंजन म्हातारं हाय. ह्याच्यापरीस जास्त डिझेल पाजलं तर त्याला पचायचं न्हाई." पंपावरच्या डिझेल कमीजास्त करायच्या स्क्रूला तार ओवली, शिशाचं सील लावलं, तुमच्या पकडीनं दाबलं. पकडीच्या तोंडात चांदणी कोरलेली, तिचा ठसा उठला. दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीत बसून घाट चढून आलात. तुमचा तो नेमच होता. पंपाला ज्यानं हात लावला, त्यानं पहिल्या भरल्या खेपेला गाडीत बसायचं.

अप्पांचं समाधान झालं नाही. तुम्ही आत असताना ते मला म्हणाले, "तुझा उस्ताद लई भितो बघ. कॉलेज शिकलेला तू, तुला तर कळत असंल." एवढंच. त्यांनी दुसरं काही मागितलं नाही, पण मला ते पुरलं. शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात, पिकअप दारात उभी होती. मी तार तोडली. स्क्रूला अर्धा फेरा देईन म्हणत पाऊण दिला. नवी तार आणि शिसं ओवून तुमच्याच पकडीनं दाबलं. पहिल्या खेपेला बसलो मात्र नाही, कारण बसलो असतो तर तुम्हाला कळलं असतं.

चार दिवसांनी अप्पा खुशीत आले. मी हळूच सांगितलं की मी केलं, उस्तादांच्या कानावर घालू नका. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ये की घरी एकदा चहाला." उस्ताद, तुम्हाला काय सांगू, त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगलो. गाडीचा धूर तुम्ही बघितलात. मला विचारलंत. मी म्हणालो, एअर क्लीनर तुंबला असेल. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात आणि पाना पुसायला लागलात.

मग तो चैत्रातला दिवस. तुम्ही मला एका ट्रकचे नोझल तपासून आणायला बीडला पाठवलेलं आणि परत येताना मी अप्पांच्या गाडीत, मागं साखरेच्या पोत्यांवर बसलेला. पुढं अप्पा आणि शेजारी ती. दुपारी आष्टीचे पाहुणे तिला बघायला येणार होते, म्हणून अप्पा तिला कॉलेजातून घेऊन निघालेले. हे मला पोती भरताना हमालाकडून कळलं.

घाट लागतो. अप्पा घाईत आहेत, पाय उचलत नाहीत. पहिल्या वळणापर्यंत गाडी झकास ओढते. दुसऱ्या वळणाला आवाज बदलतो, आतून कुणी हातोडीनं ठोकावं तसा. धूर माझ्या अंगावरून मागं जातो आहे. मला कळतंय. तुम्ही कान तयार केलेला माणूस मी, मला कळणार नाही तर कुणाला? केबिनच्या टपावर दोन थापा मारल्या की अप्पा थांबतील, इंजिन निवेल, वाचेल. मी हात उचलतो. थांबवलं तर कारण सांगावं लागेल, तिच्यासमोर. आणि दुसरं एक मन म्हणतं, बसू देत पाहुण्यांना ताटकळत. तिसरं वळण जातं. माझा हात टपाच्या वर तसाच आहे. चौथ्या वळणाआधी गाडीनं एक आचका दिला आणि इंजिन जाम झालं.

गाडी मागं सरकायला लागली तशी मी उडी मारून चाकामागं दगड लावला. ती खाली उतरली. अप्पा बॉनेट उघडून शिव्या देत होते आणि ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "दोन वळणं आधीपासून आवाज येत होता. मला कळत होता. तुम्ही मागं काय करत होता?"

एसटी आली, बापलेक तिच्यात बसून गेले. मी घाटात उन्हात पोती राखत बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. तुम्ही हेड उघडलं, पिस्टनचा माथा वितळून खड्डा पडलेला. अप्पा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले की ह्या पोरानं पंपाला हात लावला. तुम्ही सील बघितलंत. आपली चांदणी बघितलीत. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "सील माझं हाय, अप्पा. इंजन मी बांधून देतो."

अप्पा पायरी उतरून गेले. मी उभा होतो. मला वाटलं तुम्ही आता माराल. तुम्ही एवढंच म्हणालात, "टूल काढ बे."

आणि मी काय केलं? तुम्ही उन्हात आडवे होऊन इंजिनाखालचं तेलाचं चेंबर सोडत होतात, तेव्हा मी हात धुतले, सदरा बदलला आणि सांगितलं की अप्पांनी चहाला बोलावलंय. दोष तुम्ही घेतलात, मी सुटलो, म्हणजे अप्पांच्या घरचं दार अजून उघडं आहे, असा माझा हिशेब. तुम्ही गाडीखालून म्हणालात, "जा."

परत आलो तेव्हा तुमचे कोपरापर्यंत हात काळे झालेले. तुम्ही विचारलंत, "चाय पिली का?" मी म्हणालो, पिली. पुढं दोन वर्षं तुमच्याजवळ काम केलं, मग तुम्ही गेलात. पाऊण फेऱ्याचं तुम्हाला ठाऊकच होतं, घाटातलंही तुम्ही ओळखलंच असणार, ते आता काय सांगायचं. हे पत्र दर्ग्यामागं तुमच्या कबरीवर ठेवावं असं मनात आलं होतं, पण वाऱ्यानं उडून कुणाच्या हाती लागायचं. इथंच टेबलाच्या खणात राहू दे.

चहा पिलो नव्हतो, उस्ताद. तिच्या आईनं दार अर्धं उघडलं, आतून तिनं विचारलं कोण आहे, आई म्हणाली, गॅरेजवाला. ती दारापर्यंत आली नाही. मी थोडा वेळ पायरीशी उभा राहिलो आणि चपला न काढताच परत आलो.