कारणाचा रकाना

प्रिय माहेनूर,

अब्बाचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे बरे आहेत. अम्मीचा गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून दुखतोय, त्यात बातमी काही नाही. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. आपल्याकडे फोन म्हणजे तो स्पीकरवर असतो, अम्मी मधे बोलते, मेहजबीन मधे हसते, आणि माझी पाळी आली की मी 'जेवलीस का' एवढं विचारून फोन पुढे देतो. तू मांजरीला अम्मीच्या बहिणीकडे, खालाकडे राहायला गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, आपल्या दोघांत एवढंच बोलणं झालंय. घरात आपण हिंदी बोलतो, पण मी खडकीच्या मराठी शाळेत शिकलो आणि पुढं सगळा जन्म मराठी पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात गेला, त्यामुळे लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचतं. तीही दुकानातली मराठी आहे, चुका सांभाळून घे.

दुकानाचं सांगायचं तर बुधवार पेठेत आता आमच्याइतकी निवांत जागा दुसरी नसेल. दत्तप्रसाद शेठनी लावलेली ती पाटी तुला आठवते का, 'प्रबंध उद्या द्यायचा आहे हे आम्हाला आज सांगू नये'? पाटी अजून आहे. सांगायला कोणी येत नाही, एवढाच फरक. कॉलेजं आता प्रबंध कॉम्प्युटरवरच घेतात. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, हे आता कोणालाच नको झालंय. शेठ म्हणतात, मन्सूरभाई, तुम्ही आणि मी दोघंही आता म्युझियममध्ये जायच्या लायकीचे. मी आठवड्यातले तीन दिवस जातो, जुन्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवतो. उरलेले दिवस घरी असतो आणि अम्मीच्या कामात अडथळा करतो.

शनिवारी शाळा सुटली की तू दुकानात यायचीस, पुठ्ठे चिकटवायच्या सरसाच्या वासानं नाक धरायचीस आणि वाळत ठेवलेल्या प्रबंधांची नावं मोठ्यांदा वाचायचीस. एकदा 'सूक्ष्मजीवशास्त्र' वाचताना तुझी जीभ अडखळली. ज्या बाईंचा तो प्रबंध होता त्या समोरच उभ्या होत्या. त्यांनी तुला डबक्याच्या पाण्याच्या एका थेंबात काय काय असतं ते सांगितलं. तू दहा वर्षांची होतीस. त्या दिवसापासून आपल्या घरात पाण्याचा एकही माठ सुखानं राहिला नाही. बारावीनंतर तू त्याच विषयाला गेलीस, आणि ऊस संशोधनवाल्यांकडे मांजरीला प्रोजेक्ट करीन म्हणालीस, तेव्हा मांजरी कुठं आलं हेही मला नीट माहीत नव्हतं. आता तू रोज त्याच संस्थेच्या फाटकावरून जातेस आणि पुढं त्या नव्या इमारतींच्या ऑफिसात लोकांना नमुन्याचा फ्लॅट दाखवतेस. अम्मीला तू हसत सांगितलंस, की खोटी फळं ठेवलेल्या टेबलाजवळ उभं राहून दिवसभर खरं हसावं लागतं. अम्मी हसली. मी उठून बाहेर गेलो.

आता मुद्द्यावर येतो. बाइंडर माणूस आधी आतले कागद नीट लावतो, मग शिवतो, म्हणून एवढी लांबण लावली. तीन वर्षांपूर्वी ट्रस्टची माणसं आपल्या घरी आली होती, त्या दिवसाबद्दल मला बोलायचंय. तुझं पहिलं वर्ष संपलं होतं, दुसऱ्या वर्षाची फी समोर होती. सरकारी शिष्यवृत्ती मी उत्पन्नाचा दाखला वेळेत न काढल्यामुळे हातची गेली होती, ती चूक मी तेव्हाच कबूल केली होती. तू स्वतः धावपळ करून गरजू विद्यार्थ्यांना मदत करणारा हा ट्रस्ट शोधलास, अर्ज भरलास, निबंध लिहिलास. राहिली होती फक्त गृहभेट. घरी येऊन बघतात, खरंच गरज आहे का. आणि ती भेट नेमकी ईदच्या तिसऱ्या दिवशी आली.

तुला आठवत असेल, घराला नुकताच चुना दिला होता. खिडकीला नवे पडदे. तुम्ही दोघी बहिणी नव्या कपड्यांत. अम्मीनं शेजारून काचेच्या वाट्या आणल्या, शीरखुर्म्यात काजू-पिस्ते जरा सढळच घातले, कारण पाहुणी बाई पहिल्यांदाच आपल्या उंबऱ्यात येत होती. ललिताबाई त्यांचं नाव. बिचाऱ्या पायपीट करून आल्या होत्या, घाम पुसत बसल्या. त्यांनी विचारलं, घरखर्च कसा भागतो? मी म्हणालो, अल्लाच्या कृपेनं काही कमी नाही. माहेनूर, आपल्याकडे हे उत्तर नसतं, ही रीत असते. कोणी 'कसं चाललंय' विचारलं की हेच म्हणायचं असतं, पोटात अन्न असो वा नसो. माझ्या अब्बांना शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. बाईंनी ते माझं उत्तर म्हणून लिहून घेतलं. तू कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलंस. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

एवढं तुलाही माहीत आहे. त्यावरून तू मला बोललीसही होतीस, आणि बरोबर बोललीस. पण पुढचं तुला माहीत नाही. तुलाच काय, अम्मीलाही नाही.

मी बाईंना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो. मारुती व्हॅन उभी असते त्या नळापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, तुमच्याच गल्लीतून आणखी एका मुलीचा अर्ज आहे, अक्षताचा. या वेळी जागा एकच उरली आहे. माझ्यापुढं मोठा पेच आहे. तुम्ही त्यांना ओळखता, तुम्हीच सांगा, जास्त गरज कोणाला आहे? त्यांनी असं विचारायला नको होतं, हे मला आज कळतं. पण त्या थकल्या होत्या, आणि माझा चेहरा कदाचित खरं बोलणाऱ्याचा दिसला असेल. अक्षताचे वडील फॅक्टरीतून निवृत्त व्हायच्या आधीच गेले होते, तिची आई सुंदराबाई दोन घरी स्वयंपाक करत होत्या. चारच दिवसांपूर्वी मी मशिदीत आपल्या चौघांचा फित्रा देऊन आलो होतो, दर ईदला देतो तसा. जो हात गरिबांसाठी देऊन आला, तोच हात चार दिवसांत पुढं कसा पसरायचा, हे माझ्या डोक्यात बसलेलं. दुसऱ्याचा हक खाऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हणालो, बाई, त्यांना द्या. आमचं भागतं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी हात जोडले. आणि मी, तुला खोटं वाटेल, पण मी छाती पुढं काढून घरी आलो. त्या दिवशी मला वाटलं, मी मोठा माणूस आहे.

यादी लागली तेव्हा तुझं नाव नव्हतं. तू दोन दिवस आपला निबंधच पुन्हापुन्हा वाचत होतीस, कुठं चुकलं म्हणून. मग तू म्हणालीस, अक्षतानं वशिला लावला असणार. तिच्याशी बोलणं टाकलंस. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या पोरी तुम्ही. ती दारात येऊन उभी राहायची आणि तू आतून सांगायचीस, घरी नाही म्हणून सांगा. मी तिथंच बसलेला असायचो. एक वाक्य बोललो असतो तर तुमची मैत्री वाचली असती. मी स्वतःला सांगत राहिलो, आधी फीची सोय करतो, मग सांगतो, मग तूही हसशील. पण त्याच वर्षी प्रबंधांचं काम बंद झालं, आणि ती सोय काही झाली नाही. तू म्हणालीस, एक वर्ष थांबते. एकाची आता तीन झाली. कॉलेजचं ओळखपत्र तू कपाटातल्या कागदांखाली ठेवून गेलीस ते मी पाहिलंय. मी ते तिथंच राहू दिलं.

अक्षता गेल्या वर्षी पदवीधर झाली. पेढे घेऊन आली होती, तुझं विचारत होती. तिचा काही दोष नाही, तिला तर ठाऊकही नाही. पोरगी हुशार आहे, आईचे कष्ट थांबवील. तिच्याकडे बघून मला आनंद व्हायला हवा आणि होतोही, पण तिनं दिलेला पेढा मी न खाता कागदात गुंडाळून ठेवला, हे तुझ्यापासून लपवण्यात काय अर्थ आहे?

गेल्या महिन्यात मी त्या ट्रस्टच्या ऑफिसात गेलो होतो. जे मी गल्लीच्या नळापाशी बोलायला हवं होतं ते तिथं बोललो. म्हणालो, आमचं भागत नव्हतं, तेव्हाही नव्हतं, माझी मुलगी पुन्हा शिकू शकेल का? ललिताबाईच होत्या टेबलामागं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. माहेनूर, त्यांना मी आठवलो नाही. शीरखुर्मा आठवला नाही, गल्ली आठवली नाही. वर्षाला शेकडो घरं बघतात, कशाला आठवेन? मी काय दिलं होतं, ते कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. त्या म्हणाल्या, एका वर्षापेक्षा जास्त खंड पडला की आमच्या नियमात बसत नाही. फार हळू आवाजात म्हणाल्या. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. जिन्यात बसून राहिलो थोडा वेळ, मग चालत शिवाजीनगरला आलो आणि लोकलऐवजी बसनं घरी गेलो, कारण बसला वेळ जास्त लागतो.

तुझं आता काही होईल, असं मला वाटत नाही. बापानं असं लिहू नये, पण मी तीन वर्षं जे लिहू नये तेच टाळत आलोय. बाहेरून परीक्षा देता येते असं लोक सांगतात, पण तुझ्या विषयाला प्रयोगशाळा लागते, ती घरबसल्या कुठून आणायची? आणि तू परवा अम्मीला म्हणालीस, की आता ते शब्दही आठवत नाहीत. ते मी स्पीकरवर ऐकलं.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. मेहजबीन बारावी झाली, तुला ठाऊकच आहे. कॉमर्सला प्रवेश मिळालाय. तिनं त्याच ट्रस्टचा अर्ज आणलाय. या वर्षी जागा निम्म्या केल्यात, तेव्हा मला आशा फारशी नाही, पण तिला आहे. तिनं सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात भरला आणि एक रकाना माझ्यासाठी कोरा ठेवला. 'कुटुंबातील कोणी शिक्षण अर्धवट सोडले असल्यास नाव व कारण.' नाव लिहिलं. कारण लिहायला चार दिवस लागले. 'वडिलांनी मिळणारी मदत दुसऱ्याला द्यायला सांगितली' असं लिहिलं, तर खरं होईल आणि मेहजबीनचा अर्ज तिथंच संपेल. म्हणून मी 'आर्थिक अडचण' लिहिलंय. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुझं अर्धवट राहिलेलं शिक्षण आता तिच्या अर्जाला वजन आणणार आहे, हे मला कळतंय आणि त्याची लाज वाटते. त्या रकान्यासमोर ज्यानं शिक्षण सोडलं त्याची सही लागते. अर्ज सोबत ठेवलाय, परतीचं पाकीटही तिकीट लावून ठेवलंय. तुझ्याकडून नुसती सही मागवता आली असती, तू न वाचता दिलीही असतीस. पण उरलेलं अर्धं कारण माहीत नसताना तुझी सही घ्यायची, म्हणजे दुसऱ्यांदा तुला न विचारता तुझं काही देऊन टाकणं. म्हणून आधी हे लिहिलं. सही करायची नसेल तर करू नकोस, मी मेहजबीनला काहीतरी सांगेन, मला गप्प राहायची सवय आहे. शेवटची तारीख सोमवार आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही, अर्ज मी त्याच दिवशी तुझ्याकडे पाठवला असंच तिला वाटतं. रोज संध्याकाळी मी दारातून आत आलो की ती विचारते, अब्बा, आपाची सही आली?

तुझाच,
अब्बा