दोधूचं स्टिअरिंग

९ सप्टेंबर २०२४, विसरवाडी

पोचलो एकदाचा. हायवेला लागून पत्र्याचं वर्कशॉप, मागे भंगाराचं आवार, समोर चहाची टपरी. मिस्त्रीला आणखी काय लागतं? सुरतेत सात वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, इथं अख्खी गाडी बांधायला मिळणार. मालकाला चारही चाकांना ताकद मिळणारी पिकअप हवी, तीही जुन्या गाड्या कापून बनवलेली. त्याच्या सुनेनं, सुनितावहिनींनी, आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी लावलेली रोजनिशीची सवय इथंही मोडणार नाही.

१२ सप्टेंबर

लिलावातल्या लष्करी जीपची चासी घेतली, पुढचा एक्सल आणि गिअरबॉक्सही तिचाच. इंजिन वडापच्या जीपचं, हौदा एका टेम्पोचा. चासी मधून कापून अठरा इंच लांबवायची; मापं मागच्या पानावर आहेत. मालक म्हणतो, धडगावच्या वरच्या पाड्यांवर, जिथं एसटीही जात नाही, तिथं ही चढली पाहिजे. उसतोडीचे मजूर थेट दारातून उचलायचे.

आता खरं लिहितो. मी पगारासाठी आलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी याच माणसाची पिकअप घाटातून खाली गेली. आमच्या पाड्याचे सात मजूर गेले आणि ड्रायव्हर गेला. ड्रायव्हर माझा थोरला भाऊ, दोधू. ब्रेक लागत नाहीत हे त्यानं मालकाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मला फोनवरही. मालकानं पोलिसांत लिहून दिलं की ड्रायव्हर प्यालेला होता. आमच्याकडे अपघातात गेलेल्याचा दगड पाड्याच्या वाटेवर बसवतात. सातांचे बसले. दोधू पिऊन चालवत होता म्हणून त्याचा पंचांनी बसू दिला नाही. आमची आई, धनुबाई, रोज त्या रिकाम्या जागेपाशी जाऊन बसते.

मालकाचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. त्यानं मला ओळखलंही नाही. पाड्यावरच्या सगळ्यांचं आडनाव एकच, आणि त्याला आम्ही सगळे सारखेच दिसतो.

१८ सप्टेंबर

आवाराच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, दोधूची पिकअप सापडली. केबिन चेपलेली, पण स्टिअरिंग धड आहे. त्यावर त्यानं सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, डाव्या अंगठ्याखाली घासून गुळगुळीत झालेली. मी तिथं अंगठा ठेवला आणि खूप वेळ रडलो. मग पाना घेतला. हेच स्टिअरिंग नव्या गाडीला बसवणार.

२२ सप्टेंबर

रविवार, घरी जाऊन आलो. पिण्याआधी मोहाच्या दारूची पहिली धार आपल्या मेलेल्यांना सांडतात. सांडताना मागितलं तर ते ऐकतात. आईनं बाटली दिली आणि बजावलं, की मागशील ते नाव घेऊन माग. मेलेल्याला दिसत नाही, त्याला फक्त नाव ऐकू येतं. तिला वाटलं, मी दोधूच्या दगडासाठी मागणार आहे.

२३ सप्टेंबर

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर स्टिअरिंगवर धार सोडली. मालकाचं नाव तोंडात आलंच नाही. दोधूच्या दारूत ते नाव मिसळायचं? थुंकावंसं वाटलं. म्हणालो, दोधू, पूजेच्या दिवशी या स्टिअरिंगवर जो बसेल, तो तुझा.

मालकच बसणार. गाडीवर त्याचा जीव आहे. मन शांत झालं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

२९ सप्टेंबर

ब्रेक चोख बसवले. सगळं सामान नवं. उद्या मिस्त्रीला कुणी बोल लावायला नको.

चहा द्यायला वहिनी आल्या. स्टिअरिंगवरची ट्यूब बघून थबकल्या आणि ही दोधूभाऊची ना म्हणाल्या. तू त्याचा कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “त्यानी पेयेल नव्हती, भाऊ. सकायले चहा मीच दिन्हा व्हता.” सासऱ्याच्या धाकानं दोन वर्षं गप्प बसल्या होत्या. दसऱ्यानंतर पाड्यावर येऊन पंचांसमोर सांगते, असं कबूल केलं.

मी आनंदानं वेडा व्हायला हवा होतो. पण मला दगडही हवा आणि मालकही मेलेला हवा.

४ ऑक्टोबर

केबिनमध्ये विडीचा वास. इथं कुणी विडी ओढत नाही. ट्यूब अंगठ्याच्या जागी ओली आहे, रोज पुसतो. गाडीचं तोंड भिंतीकडे असतं, तरी पुढची चाकं सकाळी मालकाच्या खुर्चीकडे वळलेली दिसतात.

बरं वाटलं. दोधू जागा आहे.

९ ऑक्टोबर

मालकानं दसऱ्याचं ठरवलं. आधी इथं पूजा, मग प्रकाश्याला तापीवर. आणि म्हणाला, “पहिली फेरी मिस्तरीनी. आमनाकडे असंच ऱ्हास.” बनवणाऱ्याची खोट आधी बनवणाऱ्यालाच कळावी म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं. सुरतेत असलं काही नसतं.

पूजेच्या दिवशी बसेल तो—

१० ऑक्टोबर

आईकडे गेलो. सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. सांडलेली धार उचलता येत नाही, एवढंच म्हणाली. मग विचारलं, नाव का नाही घेतलंस.

स्टिअरिंग काढायला गेलो. नट हलत नाही. मीच आवळलेला नट.

११ ऑक्टोबर

पळून जावं. पण मी गेलो तर वहिनींना पाड्यावर कोण नेणार? दगड राहील. उद्या गाडीपासून लांब राहायचं. चक्कर आली म्हणायचं. बस.

चाकं आज माझ्या खाटेकडे वळलेली—

१२ ऑक्टोबर, दसरा

बसलो. मूर्खासारखा बसलो. मालक म्हणाला, गाडी दोन हात सावलीत घे. किल्ली लावलेली दिसली आणि मिस्त्रीची सवय—

डावा हात स्टिअरिंगवरून सुटत नाही. अंगठा त्याच गुळगुळीत जागी. उजव्यानं लिहितोय, वही मांडीवर. कुणाला काही कळत नाही. मला वाटलं होतं, दोधू बसणाऱ्याला मारील. तसं नाही. त्याला हात हवे होते. पाय हवे होते.

मालक बंपरसमोर नारळ घेऊन उभा आहे. आणि त्याच्याशेजारी आरतीचं ताट घेऊन वहिनी.

वहिनी नको. दोधू, त्या नको. तुझा दगड त्यांच्या हातात आहे—

ओरडलो. आवाज फुटत नाही. त्या हसून हळद लावतायत.

किल्ली मी फिरवली नाही. इंजिन सुरू झालं.

नाव घेतो. बघ, लिहिलं. फत्तेसिंग. फत्तेसिंग. एकटा फत्तेसिंग, दोधू, फक्त—

ब्रेक दाबला, पाय खालपर्यंत गेला. चोख बसवलेला ब्रेक. वहिनी बाजूला व्हा, बाजू—

उजवा हात पण आता—